दुखायलंय

सकाळी बोटं माझी नसतात.
कोमट पाण्याच्या पातेल्यात ती बुडवून बसते,
दुधाची पिशवी दातानं फोडते.
केसांना रबर लेक लावून देते शाळेच्या घाईत,
कधी सैल, कधी डोळे ताणतील इतकं घट्ट.
साडेदहाला मूठ वळते.
लॅब नऊला उघडते.

मधला दीड तास
मुळे सरांच्या वहीत लाल शाईत आहे.

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
मी उगवण तपासते.
सोयाबीनचे दाणे चिमट्यानं, शंभर शंभर, चार वेळा,
ओल्या कागदावर ओळीत. गुंडाळी, रबर, नंबर.
आठव्या दिवशी उघडून मोजायचं :
सामान्य किती, असामान्य किती, मेलेले किती.
एक रकाना कठीण बियांचाही असतो.
ती पाणी पीत नाहीत, फुगत नाहीत,
मेलेलीही नसतात.
त्या रकान्यात मी मनातल्या मनात
एका माणसाचं नाव लिहून ठेवलंय.

माणूस पाठीमागं येऊन उभा राहतो,
मोबाईलवर सेकंद मोजतो.
"एका सँपलला एवढा वेळ? घरचे तांदूळ निवडताय का?"
एकदा म्हणलं, सर, बोटं दुखायलेत.
"दुखायलेत काय? दुखतात म्हणा. भाषा तरी सुधारा."
सगळे हसले.
मीही हसले. हसायला बोटं लागत नाहीत.

रिक्षात मात्र तेच डोक्यात.
दुखतात म्हणजे कधी दुखतात, कधी नाही.
दुखली म्हणजे झालं गेलं.
दुखतायत म्हणलं तर आत्ताच सुरू झाल्यागत वाटतं.
आमच्या सेलूकडं दुखायलंय म्हणतात,
म्हणजे मागं कवाधरनं आणि पुढं कुठवर
ते विचारू नका,
तुम्ही बोलताय तोवरही चालूच आहे.
तुमच्या शुद्ध भाषेत सर,
माझ्या दुखण्याला काळच नाही.

शनिवारी पिवळी गोळी.
रविवार मळमळीचा, म्हणजे सुट्टी तिचीच.
बरण्यांची झाकणं जिलानी आदल्या संध्याकाळी
सैल करून ठेवतो.
त्यावर तो कधी बोलला नाही, मीही नाही.

मग तो लॉट आला.
चारशेतले दोनशे चव्वेचाळीस उगवले. एकसष्ट टक्के.
सत्तरच्या खाली पोतं बाहेर पडत नाही.
मुळे सरांनी दार लोटलं. आवाज मऊ,
पहिल्यांदाच मला बसा म्हणाले.
"सहाचा सात करायला काय लागतं, ताई?"

काय लागतं ते मला विचारा.
अंगठा लागतो, त्याच्या शेजारचं बोट लागतं, मनगट लागतं,
आकडा काढताना दर वळणाला आत काच फिरते.
एवढं देऊन खोटं कोण लिहील?
पण हे बोलायची छाती नव्हती.
म्हणलं, सर, आज बोटं वळंनात.

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटलं,
किंवा वाटून घ्यावं लागलं.
पेन त्यांनी स्वतः उचललं.
कागदावर टेकवलं.
खाली सही कुणाची येणार, ते बघितलं असेल.
पंखा फिरत होता.
धडधाकट बोटं,
तीही वळंनात.

सोमवारपासून माझी ड्यूटी कोल्ड रूमला.
आत दहा अंश, आणि बोटांचं काय होतं ते
मी इथं लिहीत नाही.
दाराजवळच्या खुंटीला एक बाप्याचं स्वेटर लटकतंय,
बाह्या लांब, नखांच्याही खाली जातात.
कुणाचं ते मी विचारलं नाही.

रात्री लेक म्हणते, आई, काय करायलीस अंधारात?
दुखायलंय का?
व्हय, म्हणते.
आणि तांदूळ निवडते, घरचे.
शंभर झाले की थांबते,
सवयीनं.